धुण्याचा दगड

आमच्या वाड्याच्या परसांत विहीर आहे आणि विहिरीच्या पाथरीवर धुण्याचा एक मोठा दगड होता. होता असें लिहितों, कारण आतां तो तेथें नाहीं. आणि तो कां नाहीं, हें सांगण्यांतच या महिन्याचें पान खर्ची पडणार आहे. अडीच हात लांब, सव्वा हात रुंद, काळ्या पाषाणाचा, वरून सपाट असा तो दगड. आजीनें त्यावर लुगडीं आपटलीं, आईनें आपटलीं, वहिनींनीं आपटलीं. आतां घरांत धुण्याचें यंत्र आलें आहे, तरी गोधड्या, सतरंज्या आणि सोवळ्याचीं वस्त्रें यांना तो दगडच लागे. लहानपणीं सकाळच्या उन्हांत त्याच दगडावर बसून मी शब्दरूपावली पाठ केली आहे.

गेल्या वैशाखांत मोरीचें पाणी वाड्याच्या पायांत मुरूं लागलें, म्हणून गवंडी बोलाविला. त्यानें पहार लावून दगड उभा केला आणि खालच्या अंगाची माती झाडतां झाडतां तो थबकला.

“गुरुजी, ह्या बाजूला देव हाईत,” तो म्हणाला.

देव नव्हते. तो वीरगळ होता. साठ वर्षें मी त्याच्या पाठीवर बसत आलों होतों.

यांतील मौज अशी कीं, त्याच्या आधीं महिनाभरच मी वीरगळांवर एक लांबलचक पत्र लिहून मोठी विद्वत्ता मिरविली होती. माझा पुतण्या नोकरीनिमित्त इंग्लंडांत असतो. सुटीच्या दिवसांत तो त्या देशाच्या नैऋत्य टोंकाला, कॉर्नवॉल परगण्यांत, हिंडावयास गेला होता. तेथें मध्ययुगांतील दगडी क्रूस शेंकड्यांनीं आढळतात. कांहीं चर्चच्या आवारांत आहेत, पण पुष्कळसे वाटेवर उभे आहेत. चर्चकडे जाणारी पाऊलवाट कोणती तें दाखवावें, दोन वाटा मिळतात तेथें खूण असावी, आणि वाटसरूनें क्षणभर थांबून देवाचें नांव घ्यावें, एवढ्यासाठीं ते रोविलेले. शेजारीं डार्टमूर नांवाचें उजाड माळरान आहे. तेथें धुकें उतरलें म्हणजे दहा हातांवरचें दिसत नाहीं, म्हणून जुन्या वाटांच्या कडेनें ओळीनें क्रूस उभे केलेले आहेत. सोळाव्या शतकांत त्या देशांत धर्मक्रांति झाली, क्रूसांचा मान गेला, कित्येक पाडले गेले. मग शेतकऱ्यांनीं काय करावें? कोणीं त्यांचे फाटकाचे खांब केले, कोणीं ओढ्यावर आडवे टाकून पाऊलपूल केला. पुढें आर्थर लँग्डन नांवाच्या गृहस्थानें हिंडून हिंडून त्यांची टिपणें व चित्रें केलीं आणि १८९६ सालीं त्यांवर मोठा ग्रंथ छापला. त्यानंतर पुष्कळ क्रूस खांबपणांतून सुटले. आपल्यापैकीं जे गोव्याला गेले असतील त्यांनीं रस्त्याच्या कडेचे पांढरे कुरूस पाहिले असतीलच. ते सोळाव्या शतकानंतरचे, पोर्तुगिजांच्या अमलापासूनचे. कॉर्नवॉलचे त्याहून बरेच जुने.

पुतण्यानें फाटकाचा खांब झालेल्या अशा एका क्रूसाचें छायाचित्र पाठवून विचारलें, “काका, आपल्या सातारा-सांगलीकडे वाटेवर असें कांहीं आहे का?” मी त्याला चार पानें लिहिलीं. त्यांतला सारांश येथें देतों, कारण पुढची हकीकत त्यावांचून कळणार नाहीं.

वीरगळ या शब्दाविषयीं प्रथम एक कबुली. तीस वर्षें मी शाळेंत शिकविलें आणि त्यांतील निदान वीस वर्षें मुलांना असें सांगितलें कीं, रणांत ज्याचा गळा कापला गेला त्या वीराचें स्मारक तें वीरगळ. संस्कृत शिकलेल्या माणसाला प्रत्येक शब्दाच्या बुडाशीं संस्कृत दिसूं लागतें, त्यांतलाच हा प्रकार. खरी गोष्ट अशी कीं शब्द कानडी आहे. कल्लु म्हणजे दगड. समासांत ककाराचा गकार होऊन वीरगल्लु, म्हणजे वीराचा दगड. कानडी व्याकरणांत या विकाराला आदेशसंधि म्हणतात. तामिळांत अशाच दगडाला नडुकल् म्हणतात, म्हणजे रोविलेला दगड, आणि प्राचीन संघम् वाङ्मयांत त्याचे उल्लेख आहेत. सौराष्ट्रांत त्याला पाळिया म्हणतात. आमच्या कृष्णाकांठीं कानडी शब्द कसा, असें विचारण्याचें कारण नाहीं. सांगली-मिरजेच्या बाजूला यादवांच्या आधींचे कानडी शिलालेख सांपडतात, आणि जत तालुक्यांतील कित्येक गांवांत घरची भाषा आजहि कानडीच आहे. माझे ते विद्यार्थी आतां पन्नाशीला आले. त्यांपैकीं कोणी हें वाचीत असेल तर त्यानें वहींत दुरुस्ती करावी.

वीरगळ वाचावयाचा तो खालून वर. दगडाचे तीन किंवा चार आडवे भाग पाडलेले असतात. सर्वांत खालीं युद्ध असतें, किंवा युद्धांत पडलेला वीर आडवा दाखविलेला असतो. कोठें तो घोड्यावर असतो, कोठें ढालतरवार घेऊन पायीं, कोठें समोर धनुर्धारी असतात. कोठें समोर वाघहि असतो. त्याच्या वरच्या भागांत अप्सरा वीराला दोहों बाजूंनीं धरून वर नेत असतात. त्याच्या वर तोच वीर शिवलिंगापुढें हात जोडून बसलेला, पलीकडे पूजा करणारा पुजारी. म्हणजे वीर कैलासास पोंचला. माथ्यावर कलश आणि चंद्रसूर्य, कीं जोंपर्यंत हे दोघे आकाशांत आहेत तोंपर्यंत याची कीर्ति राहो. गीतेच्या दुसऱ्या अध्यायांत रणांत पडणाऱ्याला स्वर्गाचें जें आश्वासन आहे तें ज्यांनीं कधीं ऐकलें नसेल अशा कुणब्या-धनगरांना पाथरवटानें या चार चौकटींत तें समजावून दिलें आहे.

खालच्या चौकटींत पुष्कळदां गाई असतात. विराटपर्व वाचलेल्यांना याचें नवल वाटूं नये. त्रिगर्तांच्या सुशर्म्यानें विराटाच्या गाई वळविल्या, त्यांच्या पाठोपाठ कौरवांनीं दुसऱ्या बाजूनें वळविल्या, आणि तेथून युद्ध पेटलें. गुरें हेंच धन होतें, म्हणून गुरें पळविणें हाच लढाईचा आरंभ होता. आपल्याकडच्या वीरगळांतले वीर सर्वच कांहीं राजाच्या पदरचे शिपाई नव्हते. शेजारच्या टोळीनें गुरें हांकून नेलीं, आरोळी ऐकून जो धांवत गेला आणि शिवेवर पडला, त्याचाहि दगड गांवानें उभा केला. ग्युंथर सोन्थायमर या जर्मन पंडितानें आपल्या धनगरांबरोबर राहून, हिंडून या विषयाचा मोठा अभ्यास केला; कर्नाटकांतील एस. सेट्टर यांच्यासह त्यांनीं स्मारकशिळांवर संपादिलेला ग्रंथ १९८२ सालीं निघाला. जिज्ञासूंनीं तो अवश्य पाहावा.

वीराचें वीरत्व नेहमीं माणसांतच असतें असेंहि नाहीं. कर्नाटकांत मंड्य जिल्ह्यांत आतकूर येथें इसवी सन ९४९ च्या सुमाराचा एक लेखयुक्त दगड सांपडला. तो काळी नांवाच्या शिकारी कुत्र्याचा आहे. रानडुकराशीं झुंजून, त्याला मारून तो मेला, म्हणून धन्यानें दगड उभा केला व पूजेची सोय लावून दिली. मुंबईंत बोरिवलीजवळ एकसर येथें जे वीरगळ आहेत त्यांवर तर जहाजांची लढाई कोरलेली आहे, वल्हीं मारणारे खलाशीसुद्धां मोजून घ्यावेत. आणि पंढरीचा विठोबा हाच मुळांत वीरगळ असावा असा तर्क देल्यूरी या फ्रेंच अभ्यासकानें १९६० च्या आपल्या ग्रंथांत केला आहे. मला तो पटत नाहीं. पण मीं तो घरांत वाचून दाखविला तेव्हां आमच्या वहिनी कांहीं न बोलतां उठल्या आणि त्यांनीं देवघराचें दार ओढून घेतलें, हें नमूद करतों.

वीरगळांचे भाऊबंदहि ओळखून ठेवावेत. कोपरांत वांकलेला, बांगड्यांनीं भरलेला एक हात दगडांतून वर आलेला दिसला कीं ती सतीशिळा. चुडा अखंड, म्हणजे सौभाग्य अखंड, असा त्याचा अर्थ. वीराला निदान धांवत जाण्याची किंवा न जाण्याची मोकळीक होती. त्या हाताला ती कितपत होती असा प्रश्न मनांत आल्यावांचून मला त्या शिळेपुढें उभें राहवत नाहीं. जैनांत सल्लेखनाव्रतानें देह ठेवणाऱ्यांच्या शिळा असतात, त्यांना निषिधी म्हणतात. आणि ज्यावर गाढव कोरलेलें असेल तो गधेगाळ. दिलेलें दान जो मोडील त्याच्या कुळाला दिलेली ती शिवी आहे. ती शिवी काय आहे हें या मासिकांत लिहितां येत नाहीं, व मुलांनीं आजोबांना विचारूं नये.

साताऱ्याकडच्या वाचकांना हें सर्व एका ठिकाणीं पाहावयाचें असेल तर त्यांनीं वांई तालुक्यांतील किकलीला जावें. भुईंजच्या परिसरांत महामार्ग सोडून आंत वळलें कीं चंदन-वंदन या जोडकिल्ल्यांच्या पायथ्याशीं हा गांव लागतो. भैरवनाथाच्या जुन्या देवळाच्या आवारांत वीरगळ पंक्तीला बसावेत तसे बसले आहेत. कांहीं झिजून नुसते दगड झाले आहेत, कांहींवरचे अप्सरांचे हातहि शाबूत आहेत. एक गोष्ट अनुभवानें सांगतों: भर दुपारीं जाऊं नये. ऊन डोक्यावर असलें कीं कोरीव काम सपाट दिसतें. सकाळीं आठाच्या आंत किंवा सायंकाळीं पांचानंतर, उन्हें तिरपीं पडतात तेव्हां, दुपारीं कांहींच नव्हतें त्या जागीं तरवार दिसूं लागते. सज्जनगडाला जाणारांनीं पायथ्याच्या परळींतील जुन्या महादेवाच्या देवळापाशींहि दहा मिनिटें थांबावें. समर्थांचे दर्शन दहा मिनिटांनीं उशिरां झालें तर त्यांचा राग होणार नाहीं.

हें सर्व मीं पुतण्याला लिहिलें. आणि आणखी एक गोष्ट लिहिली, ती लिहितांना मला तिचें महत्त्व कळलें नव्हतें. कर्नाटकांतील वीरगळांवर पुष्कळदां लेख असतो: अमक्या राजाच्या राज्यांत, अमक्या शकांत, अमक्याचा मुलगा अमका, अमक्या गांवच्या गाई सोडवितांना पडला. महाराष्ट्रांतील बहुतेक वीरगळांवर अक्षर नाहीं. ना नांव, ना शक, ना गांव. मग तो वीर कोण हें कशावरून ओळखावें? जेथें तो दगड उभा आहे त्या जागेवरून. वेशीवर आहे, तर वेशीवर लढाई झाली. खिंडीच्या तोंडाशीं आहे, तर वाट अडविली. पाणवठ्यावर आहे, तर गुरें पाण्यावर आलीं असतां दरोडा पडला. मुक्या दगडाचें अर्धें बोलणें त्याची जागा बोलत असते. दगड उचलून देवळाच्या भिंतीला टेकविला, किंवा अगदीं संग्रहालयांत कांचेआड ठेविला, तरी चित्र राहील आणि लेख पुसला जाईल. कॉर्नवॉलच्या क्रूसांचेंहि तेंच झालें. फाटकाचा खांब झालेला क्रूस शाबूत असतो, पण तो कोणती वाट दाखवीत होता हें विचारण्याची सोय राहत नाहीं.

हें लिहून महिना झाला नाहीं तोंच गवंड्यानें पहार लावली.

पालथा असल्यामुळें आमचा वीरगळ आश्चर्य वाटावें इतका चांगला राहिला होता. चार चौकटी. खालीं चार गाई एकामागून एक, माना खालीं घातलेल्या, आणि त्यांच्यापुढें ढाल घेतलेला एक माणूस. त्याच्या अंगावर दोघे चालून आलेले. वर अप्सरा, वर शिवलिंग, माथ्यावर चंद्रसूर्य. बुडाचा हातभर भाग ओबडधोबड, जमिनींत पुरण्यासाठीं सोडलेला. सर्व मंडळी भोंवतीं जमली. नातीनें त्याच्यावर तांब्याभर पाणी ओतलें, आणि गाईंचे डोळे दिसूं लागले.

तो आमच्या घरीं आला कोठून? १९४८ च्या जाळपोळींत आमच्या वाड्याचा पुढचा सोपा जळाला, परंतु मागील खोलींतल्या आजोबांच्या किर्दी वांचल्या. मी दोन दिवस मोडी लिपीशीं झगडत बसलों. शके १८५१ च्या मार्गशीर्षांत विहिरीचें काम चाललेलें दिसतें: चुना, वाळू, गवंड्याची मजुरी, आणि मध्येंच एक ओळ, कीं पाथरीस मोठा दगड एक, अमक्या वाडीहून, गाडीभाडें सव्वा रुपया. वाडीचें नांव मी येथें देत नाहीं. कऱ्हाडच्या खालीं, जेथें सातारा जिल्हा संपून सांगली जिल्हा सुरू होतो, तेथें ती आहे. १९४९ सालीं दक्षिण सातारा वेगळा निघेपर्यंत ही शीव नव्हतीच. त्या वाडींत आमची जमीन होती. कुळकायद्याप्रमाणें १९५७ सालीं ती कसणारांच्या नांवें झाली, आणि त्यानंतर आमच्या घरचें कोणी तिकडे गेलें नाहीं.

आजोबा देवधर्म पाळणारे होते. त्यांनीं दगड पालथा घालावयास सांगितलें तें, चित्रावर धुणें आपटलें जाऊं नये एवढ्या लाजेनें, असें मानावयास मला आवडतें. खालची बाजू सपाट होती म्हणून गवंड्यानेंच तसा घातला असेल, हेंहि शक्य आहे.

जेष्ठ संपतां संपतां मी एस. टी. नें त्या वाडीला गेलों. चावडीपाशीं एका म्हाताऱ्या बाईंना विचारलें, “आजी, इकडे कोठें वीराचा दगड होता का?”

“दगूड न्हाई,” त्या म्हणाल्या, “पर वीर हाय की.”

त्या स्वतः काठी टेकीत मला घेऊन गेल्या. वाडीच्या पश्चिमेला माळ आहे, त्याला वीराचा माळ असेंच म्हणतात. माळावरून ओढ्याकडे उतरणारी गुरांची जुनी वाट आहे, आणि ती वाट जेथें ओढ्याला भिडते तेथें एक कमरेएवढा दगडी चौथरा. चौथऱ्यावर कांहीं नाहीं. मध्यें नुसता खड्डा, त्यांत पाला सांचलेला. पण पुढें ताज्या नारळाच्या करवंट्या होत्या आणि दगडांवर तेलाचे जुने डाग होते.

“आमी सुना हून आलो तवापासनं दगूड बगितलाच न्हाई,” आजी म्हणाल्या. “सासूबी न्हाई म्हनायची. पर दसऱ्याला नारळ फोडायचा कदी ऱ्हायला न्हाई. त्यानं गुरं राखली न्हवं.”

“दगड कोणीं नेला?”

“कुनीतरी मोठ्या मानसानं नेला म्हनत्यात. बामनाच्या गाडीतनं.”

तो मोठा माणूस म्हणजे माझे आजोबा, हें मीं त्यांना तेथल्या तेथें सांगितलें. सांगतांना माझा आवाज नीट नव्हता. आजींनीं माझ्याकडे जरा वेळ पाहिलें, आणि मग त्या म्हणाल्या, “मग आना की माघारी, गुरुजी. त्यात काय!”

त्यांत काय, तें घरीं आल्यावर कळलें. आमचें घर चार बिऱ्हाडांचें एकत्र आहे, आणि चारहि बिऱ्हाडांना मतें आहेत. माझ्या मुलाचें म्हणणें, दगड संग्रहालयाला द्यावा. तेथें तो ऊनपावसापासून वांचेल, माळावर राहिला तर उद्यां कोणी त्याला तैलरंग फांसील किंवा चौथऱ्यासकट सिमेंटांत गाडील. हें खोटें नाहीं. सोनेरी रंग दिलेले वीरगळ मीं डोळ्यांनीं पाहिले आहेत. धाकट्या भावाचें म्हणणें, नव्वद वर्षांवर तो आपल्या घरांत आहे, आतां तो आपलाच. देवडींत उभा करून रोज फूल वाहूं. वहिनींचें म्हणणें, दगड कोणाचाहि असो, धुणें कोठें धुवावयाचें तें आधीं सांगा. आणि थोरल्या पुतण्यानें, जो वकिली करतो, १९७२ चा पुरावशेष कायदा काढून दाखविला: शंभर वर्षांहून जुनी मूर्ति किंवा शिल्प म्हणजे पुरावशेष, त्याची मनमानी विल्हेवाट लावतां येत नाहीं. त्याचेंहि बरोबर होतें. म्हणून सर्व हकीकत कचेरींत लेखी कळविली, छायाचित्रें जोडलीं आणि पोंच घेतली.

संग्रहालयाविरुद्ध मला कांहीं म्हणावयाचें नाहीं. ज्या दगडाला घरच उरलें नाहीं, ज्याची जागा धरणाखालीं किंवा महामार्गाखालीं गेली, त्याला तेथें नेणें हेंच योग्य. पण याचा चौथरा उभा होता आणि चौथऱ्यापुढें नारळ फुटत होता. मीं हट्ट धरला. साठीनंतर माणसाला घरांत एकदोन हट्ट माफ असतात.

गटाऱ्या अमावास्येच्या आधीं, शेतीचीं कामें जरा सैल होतीं तेव्हां, वाडीचे लोक ट्रॅक्टर घेऊन आले. ट्रॉलींत कडबा अंथरून त्यावर दगड ठेविला. वहिनींनीं निघतांना त्याला हळदकुंकू वाहिलें, दही-साखर दाखविली आणि, “पुष्कळ सोसलंत आमचं,” एवढेंच म्हणाल्या.

चौथऱ्यावर दगड बसवितांना एक अडचण आली. तोंड कोणीकडे करावयाचें? खड्डा चौकोनी, दगड चारहि बाजूंनीं बसत होता. मी पुस्तकी पंडित; देवळाकडे तोंड असावें, पूर्वेकडे असावें, असें कांहींबाहीं सांगूं लागलों. तेवढ्यांत आजी पुढें आल्या. त्या नेहमीं नारळ फोडावयाच्या वेळीं जेथें उभ्या राहत तेथें जाऊन उभ्या राहिल्या: ओढ्याला पाठ करून, माळाकडे तोंड करून. त्यांची सासू तेथेंच उभी राहत असे, तिची सासूहि. म्हणजे दगडाचें तोंड ओढ्याकडे, आणि पाठ माळाकडे. तसा तो बसविला. मग मीं खालची चौकट पाहिली. चार गाई माना खालीं घालून उजवीकडून डावीकडे चाललेल्या, आणि त्याच उजव्या अंगानें माळावरून उतरणारी गुरांची वाट डावीकडे ओढ्याच्या डोहाला जात होती. दगडांतल्या गाई पाण्यावर चालल्या होत्या. आमच्या परसांत तीच चौकट मीं महिनाभर भिंग लावून पाहिली होती, तेव्हां मला त्यांत नुसत्या चार गाई दिसल्या होत्या.

लोकांनीं शेंदूर आणला होता. मीं हात जोडून विनंति केली कीं, नारळ फोडा, तेल घाला, फुलें वाहा, पण शेंदूर आणि रंग लावूं नका, आणि बुडाशीं सिमेंट ओतूं नका. दगड माती-चुनखडींतच बसूं द्या. तरुण मुलांनीं ऐकून घेतलें. म्हाताऱ्यांनीं शेंदराचा एक टिळा तरी हवा असें सांगितलें, तेव्हां मीं माघार घेतली. टिळा माथ्यावरच्या सूर्याला लागला आहे.

वाचकांपैकीं ज्यांचीं घरें जुनीं आहेत त्यांना एक विनंति आहे. परसांतला धुण्याचा दगड, उंबऱ्याची पायरी, गोठ्याच्या गव्हाणीची कड, जात्याखालची फरशी यांना एकदां खालून हात लावून पाहावा. कांहीं सांपडलें तर घासूं नये, तासणीनें खरवडूं नये; साधें पाणी पुरे. तिरप्या उन्हांत छायाचित्र काढावें, आणि मुख्य म्हणजे घरांतल्या सर्वांत वृद्ध माणसाला विचारून तो कोठून आला तें लिहून ठेवावें. हें शेवटचें काम लवकर करावें. आमच्या किर्दींतली ती एक ओळ जळाली असती तर आजचा हा लेख नुसता एका सुंदर दगडाचें वर्णन होऊन राहिला असता.

पुतण्याला सर्व छायाचित्रें पाठविलीं. त्याचें उत्तर आलें कीं, त्याच्या फाटकाच्या खांबाविषयीं तो आतां त्या शेताच्या मालकाकडे चौकशी करणार आहे.

विहिरीवर नवा दगड आणला आहे, शहाबादी फरशीचा. वहिनी म्हणतात, तो फार गुळगुळीत आहे, धुणें हातांतून निसटतें.